रांगेत उलटा झुकलेला खलाशी

निशिकांत दाबके सिंगापूरला बँकेत नोकरी करून रिटायर झाले आणि पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये सुखानं राहू लागले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला विरोध केल्याची नोंद नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना ज्या दिशेला हलत, त्याच दिशेला त्यांचीही हले. त्यांच्या आयुष्यात बंडखोरीचा म्हणावा असा एकच क्षण होता, आणि तो सिनेमात होता.

मुंबईत कॉलेजात असताना दुपारच्या जेवणाच्या बोलीवर ते एका मराठी चित्रपटात खलाशी झाले होते. गोष्ट महायुद्धातली. आरमाराचं एक जहाज युद्धभर इतर जहाजांना कांदे-बटाटे पोचवतं. लढाई काही त्याच्या वाट्याला येत नाही. शूटिंगसाठी मिळालेलं जहाज गोदीत बांधून ठेवलेलं, हलायला तयार नाही. मग दिग्दर्शकानं समुद्राचं काम खलाशांवर सोपवलं. तो रांगेसमोर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा उभा राहून रुमाल हलवी. रुमाल जाईल तिकडे सगळ्यांनी झुकायचं. निशिकांतांना शाळेतली कवायत नडली. समोरच्या सरांचा उजवा हात वर गेला की आपलाही उजवा, एवढंच त्यांना ठाऊक. अख्खी रांग डावीकडे झुकली आणि एक खलाशी ऐटीत उजवीकडे. रीळ संपलेलं. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि शॉट ठेवला.

चित्रपट आठवडाभरात उतरला. पुढे टीव्हीवर रविवार दुपारी लागू लागला, जेवून आडवे झालेल्या लोकांना आवडला, आणि यथावकाश अभिजात ठरला. त्या शॉटवर तर व्याख्यानं झाली. युद्धज्वराच्या लाटेविरुद्ध उभा राहिलेला एकटा माणूस, असं एका अभ्यासकानं लिहिलं. निशिकांतांनी ते वाचलं आणि त्यांना ते पटलं.

अडचण एवढीच, की शॉट पाठीमागून घेतलेला. टोप्या सारख्या, पाठी सारख्या.

ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये मराठी मंडळींनी चित्रपटाचा खेळ ठेवला आणि त्या खलाशाचा सत्कार जाहीर केला. निशिकांत नव्या कुर्त्यात, बायको नंदा आणि नात जाई यांना घेऊन पोचले. तिथे बुओना व्हिस्टाला राहणारे रवींद्र तुळपुळेही नव्या कुर्त्यात आलेले. तेही त्या रांगेत होते, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो खलाशी तेच.

"काका, शाल एकच आणलीये हो," सूत्रसंचालन करणारी प्रणिता निशिकांतांच्या कानात म्हणाली.

"रवी, तू माझ्या शेजारी होतास," निशिकांत म्हणाले.

"होतो ना. म्हणून तर तुला मी एवढा नीट आठवतो."

लोक हसले. जाईनं आजोबांचा हात धरला. तिनं शाळेत सांगून ठेवलं होतं की तो शूर माणूस माझा आजोबा. निशिकांतांना शालीचं काही नव्हतं. पण त्या पोरीला उद्या शाळेत काय सांगायला लावायचं?

मागून कुणीतरी सुचवलं, "परत करून दाखवा की." सूचना सर्वानुमते मंजूर झाली. सगळे काका लोक रांगेत उभे राहिले, समोर प्रणिता ओढणी घेऊन. निशिकांतांनी ठरवलं, डोकं चालवायचं. ओढणी तिच्या उजव्या हातात, म्हणजे आपल्या डावीकडे. रांग तिकडे जाणार, म्हणजे आपण उलट. पण तेव्हा आपण दिग्दर्शकात कवायतीचे सर बघत होतो, म्हणजे तिचा उजवा तो आपला... ओढणी हलली. रांग डावीकडे झुकली. निशिकांतही अगदी वेळेवर, रेखीव डावीकडे झुकले. रवींद्र निवांतपणे उजवीकडे कलले आणि टाळ्या पडल्या.

दिग्दर्शक हयात असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तिकडे कशाला गेलात?" खुर्चीत येऊन बसल्यावर नंदा म्हणाली.

"हिशेब केला."

"मग बरोबरच येणार. इतकी वर्षं केलेत, कधी चुकलात?"

"आजोबा, यू टू केअरफुल लाह," जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "तेव्हा कसं केलं होतं?"

"तेव्हा काही केलंच नव्हतं गं."

जाईनं यावर बराच विचार केला. मग शाल पांघरून फोटो काढून घेणाऱ्या रवींद्रांकडे पाहत ती म्हणाली, "देन कॅन, मग चालेल. उद्या मी शाळेत तसंच सांगते, की माझ्या आजोबानं काही केलंच नव्हतं."