बिनबियांचा पेरू आणि पाटलांची खूण

“हाडाचा चुरा आहे हा. खोटं नका बोलू, बाबू.”

मी डबीचं झाकण उघडलं आणि शाहपूरच्या पाटलांनी उपरणं नाकाला लावलं. मी तेव्हा बुऱ्हाणपूरच्या सरकारी बागेत ओव्हरसियर होतो. इंग्रजांची अमदानी सरत आली होती. डबी नागपूरच्या मोठ्या साहेबांनी पाठवलेली.

“हाड नाही, हार्मोन,” मी म्हणालो. “झाडाच्या अंगातलीच चीज. कोवळ्या पानांत तयार होते, खाली उतरते आणि कापलेल्या टोकाला सांगते, फोड मुळं. ही विलायतेत बनवून शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीत मिसळलीय, एवढंच.”

“झाडाला कोणी सांगावं लागतं?”

“पेरूला लागतं. गुलाबाची काडी कुठेही खोचा, जगते. पेरूची नुसती खोचली तर सडते.”

पाटील इतके संशयी, की त्यांचा कुत्रासुद्धा मालकानं आधी चाखल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नसे. त्यांच्याकडे बिनबियांच्या पेरूचं झाड होतं. तापीच्या दोन्ही काठांना तसलं दुसरं नाही. बीच नाही, तर पेरणार काय? फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची, म्हणजे गुटी बांधायची, तर पाटील कोणाला कुंपणाच्या आत घेत नसत. गुटी बांधणारा एखादी फांदी पळवेल म्हणून. आदल्या दिवशी वादळ आलं. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात हातातून सुटलेली माझी छत्री थेट शाहपुरात सापडली, यावरून वारा ओळखा. त्यात ते झाड मुळासकट उलटलं. आता ओल्या पोत्यात गुंडाळून आणलेल्या काड्या, तेवढंच काय ते उरलं होतं.

मी काड्या घेतल्या. बुडाशी ओरखडे दिसले. बैलगाडीत घासल्या असतील म्हटलं. बूड पावडरीत बुडवलं, जास्तीची झटकली, ओल्या रेतीत खोचलं, वर काचेच्या बरण्या पालथ्या घातल्या.

“रोज येईन,” पाटील म्हणाले.

“या. पण उपटून बघायचं नाही. नवी मुळं तुटतात.”

ते रोज आले. बरण्यांसमोर उकिडवे बसून काड्यांवर डोळे वटारायचे. खुनाच्या आरोपींवरसुद्धा पोलिसांची इतकी नजर नसेल. मी शेजारून गेलो, की माझ्या खिशांकडे बघायचे.

शेवटी काड्यांना नवी पानं फुटली. एक काडी मी हळूच उचलली. मुळं अशी दाट, की साहेबाच्या मिशा लाजाव्यात! मी हसत पाटलांकडे वळलो. पाटलांनी काडी फिरवून फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बदलली! माझी खूण कुठंय?”

“कसली खूण?”

“प्रत्येक काडीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी चाकूचा चिरा दिला होता मी. भरोसा नव्हता तुमचा. माझं झाड साहेबाच्या बंगल्यावर पोचवलंत ना? तहसीलदाराकडे जातो मी!”

गेले असते तर माझी नोकरी गेली असती आणि त्यांचा पेरूही. मी पटापट बाकीच्या काड्या काढल्या. काही काळ्या पडून सडल्या होत्या. काहींना मुळं होती. एक मात्र अर्धीच रुजलेली निघाली. तिच्या एका बाजूला चिरा जसाच्या तसा आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी, तेवढ्याच लांबीची मुळांची ओळ.

“हा चिरा कोणाचा?”

पाटलांनी नखानं चाचपला. “माझाच.”

“आणि ही मुळं कुठून आली?”

पाटलांनी काडी उलटसुलट करून दोन्ही बाजू बोटानं मापल्या.

“तुम्ही साल चिरलीत, पाटील. जखमेत पावडर शिरली. तिथूनच मुळं फुटली आणि तुमची खूण झाकून बसली.”

“म्हणजे मुळं मी आणली?”

“निम्मी तुम्ही, निम्मी विलायतेनं.”

यावर ते प्रथमच हसले. तरी रोपं नेताना गाडीत मागे तोंड करून बसले, माझ्यावर नजर ठेवून. मी मात्र तेव्हापासून अवघड काडीला पावडरीआधी चिरा देतो. साहेबांनी विचारलं तेव्हा ‘शाहपूर पद्धत’ असं भारदस्त नाव सांगितलं.

झाडं फळांवर आली तेव्हा पाटलांनी माझ्याकडे टोपलीभर पेरू पाठवले. प्रत्येक पेरू मधोमध कापलेला. आत बी नाही ना, याची आधी स्वतः खात्री करून घेतली होती.

माणसाला मुळं दाखवावीत, विश्वास मागू नये. पेरू गोड होते. कापलेले असल्यामुळे त्याच दिवशी संपवावे लागले, एवढाच त्रास.