थोरल्या मामांचा राग

आमच्या थोरल्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतकी शांत चित्रंही दुसऱ्या कुणी काढली नसतील. नव्वदच्या दशकात रोज सकाळी मामा घडीची खुर्ची, पाण्याचा डबा आणि जलरंगांची पेटी घेऊन रस्त्यावर बसत आणि बसल्या क्षणापासून भांडत. विजेच्या तारांशी, मध्येच आडव्या येणाऱ्या ढगाशी, पाठीमागं उभं राहून चित्रात आपलं घर शोधणाऱ्यांशी. पांढरा रंग त्यांच्या पेटीत नसेच. ऊन दाखवायचं तिथं ते कागद कोरा सोडत आणि भोवती सावल्या अशा ओल्या पसरवत की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. काळ्या रंगाचाही त्यांना तिटकारा. गंगावेशीत म्हशी रंगवताना एका गवळ्यानं सहज विचारलं, "म्हस जांभळी असत्या व्हय?" मामांनी त्याला दंडाला धरून म्हशीपुढं उभं केलं आणि तिच्या पोटाखालची सावली बघायला लावली. तो जांभळी म्हणेपर्यंत सोडलं नाही. दुधाची गिऱ्हाइकं तोवर ताटकळत उभी.

महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानदाराची आठवण झाली की मात्र माझंही डोकं फिरतं. नव्या शोरूमसाठी त्यानं मामांकडून दुकानासमोरच्या रस्त्याचं चित्र काढून घेतलं. दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या फुलवाल्या मावशी त्यात होत्या. हिरव्या रंगाचा एक फटकारा, वर तपकिरी ठिपका, मांडीवर केशरी शिंतोडे, बस्स. तरी त्याच आहेत हे लांबून कळे. उद्घाटनाला आम्ही गेलो, तर हा गृहस्थ पाहुण्यांसमोर म्हणाला, चित्र झकास आहे, तेवढी बाई पुसा आणि तिथं आमची नवी गाडी काढा. मामांनी स्टुलावर चढून चित्र उतरवलं, काखेत मारलं आणि तोंडातला पेढा तसाच धरून बाहेर आले. चित्र मावशींपुढं ठेवून "हे तुमचं," एवढंच म्हणाले.

मावशींनी ते न्याहाळलं आणि त्याही भडकल्या. "आन् माझं तोंड कुठं हाय?"

मामा चेहरे कधी काढत नसत. का काढत नाही, हे त्यांनी भल्याभल्यांना ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र पेन्सिल घेऊन ते मावशींसमोर बसले. नाक जमलं की डोळे बिघडत. त्यांनी कागद फाडले, पेन्सिलीला शिव्या घातल्या, उन्हाला घातल्या. शेवटी मावशी हातातला हार गुंफत म्हणाल्या, "गप बसून काढा की. मी काय पळून चाललोय व्हय?"

मामा गप्प बसले. हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत कागदावर मावशींचा चेहरा उतरला, दमलेला, थोडा करडा. मावशींनी बराच वेळ पाहिलं, मान डोलावली आणि चित्र पदराखाली घेतलं.

पुढं दुकानदारानं कुणी बसू नये म्हणून पायरीवर लोखंडी जाळी ठोकली. मामा घसा बसेपर्यंत भांडले. मावशी भांडल्या नाहीत. टोपली उचलून कबनूरला लेकीकडं गेल्या. त्यानंतर मामांनी त्या रस्त्यावर खुर्ची टाकली नाही. एकदा मी धीर करून कारण विचारलं आणि ओरडा खायची तयारी ठेवली. मामा ब्रश धूत होते.

"ऊन पडतंय की तिथं," ते हळूच म्हणाले. "पण कुणावर पडायचं, ते माणूसच न्हाय."