कानातला बिल्ला

लोणीच्या भिमाला कुणी शहाणा म्हटलं की तो दोन्ही हात जोडतो. "राव, ती पदवी मी कवाच परत केली," म्हणतो. कशी केली, ते विचारावं लागत नाही. चहा यायच्या आत तो स्वतःच सुरू होतो. स्वतःची फजिती इतक्या चवीनं सांगणारा माणूस आंबेगाव तालुक्यात दुसरा नसेल.

भिमा मेंढपाळ. दिवाळी झाली की त्याचा वाडा, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा फिरता तळ, माळशेज घाटानं कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आधी परतायचा. या वाड्याचा एक जुना रिवाज होता. कुणाच्या मेंढ्या रोगानं, लांडग्यानं, कशानंही गेल्या, तर प्रत्येक घरानं आपली एक धडधाकट मेंढी त्याच्या जाळीत, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपणात, सोडायची. चूक कुणाची, हे विचारायचं नाही. मागं त्यानं कुणाला दिली होती का, हेही नाही.

दोन हजार सालाच्या आसपास भिमानं बँकेच्या कर्ज योजनेतून मेंढ्या घेतल्या. बँकेनं त्यांचा विमा सक्तीनं उतरवला आणि प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आला. मेंढी मेली की बिल्ल्यासकट कान दाखवायचा आणि भरपाई घ्यायची. भिमाला वाटलं, आपण आता वाड्यातले राहिलो नाही, कंपनीतले झालो. पुढच्याच हंगामात घाटात गेणभाऊच्या कळपात ट्रक घुसला. बाकीच्यांनी मेंढ्या सोडल्या. भिमानं भाषण सोडलं.

"गेणभाऊ, जमाना बदाललाय. तुमीबी बिल्लं मारून घ्या. माझी मेंढी मी कशापायी देऊ?"

म्हातारा गेणभाऊ मेलेल्या मेंढ्या रस्त्याकडेला ओढत राहिला. त्याची बायको प्रयागबाई मात्र म्हणाली, "नको देऊ बाबा. च्या तरी घे." भिमानं चहा घेतला, वर साखर कमी आहे असंही सुनावलं. हे सांगताना तो अजून कपाळावर हात मारून घेतो.

पुढं वाडा महाळुंगे पडवळच्या शिवारात बसला असताना भिमाच्या बायकोच्या, गजराबाईच्या, पोटात कळ उठली. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई भली होती, पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरची जागा रिकामी होती. "अपेंडिक्स आहे. पुण्याला पोचेपर्यंत फुटेल," म्हणत तिनं हमरस्त्यावरच्या खासगी हॉस्पिटलकडे बोट दाखवलं. तिथं काचेचं दार होतं, गार हवा होती आणि काउंटरवर एक पोरगी होती. डॉक्टरही होते, काचेपलीकडे बसलेले दिसत होते. पण अनामत रक्कम भरल्याशिवाय ते पेशंटला हात लावणार नव्हते.

"विमा आहे का?" पोरीनं विचारलं.

"हाय की!" भिमाची छाती फुगली. पिशवीतून त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. पोरीनं ते वाचले. मग पुन्हा वाचले.

"काका, हा मेंढ्यांचा आहे."

"व्हय. समद्यांचा. एक बी सुटली न्हाय."

"आणि पेशंटचा?"

बाकावर तळमळणाऱ्या गजराबाईनं ऐकलं. "माझ्या बी कानात मारायचा व्हता एक बिल्ला," ती दात खाऊन म्हणाली. "कान तर आधीच टोचल्यालं व्हतं."

भिमाला हसू आलं आणि त्याच दमात रडू फुटलं. ही गेली तर आपल्याला आपली कोकरंसुद्धा ओळखणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पळत जाऊन त्यानं एसटीडी बूथवरून महाळुंग्यातल्या दुकानात वाड्यासाठी निरोप टाकला, माझ्या मेंढ्या विका. पण कानातला बिल्ला बघून व्यापारी मागं सरला. बँकेच्या मेंढ्यांना कोण हात लावणार?

दुपार कलली तशी हॉस्पिटलच्या दारात एक टेम्पो येऊन थांबला. त्यात वाड्यातल्या प्रत्येक घरची एक मेंढी होती. पुढं व्यापारी, मागं मेंढ्यांमध्ये गेणभाऊ. सौदा तिथंच दारात झाला, आणि त्या झटापटीत मेंढ्यांनी हॉस्पिटलच्या चकचकीत पायऱ्यांवर लेंड्यांचा सडा घातला. डॉक्टर उठले. गजराबाई वाचली.

"गेणभाऊ, मी तुमाला दिली न्हवती," टेम्पो थांबताच भिमा कसाबसा म्हणाला होता.

"ध्यानात हाय," गेणभाऊ म्हणाला. "सर बाजूला, मेंढ्या उतरू दे."

भिमा किस्सा इथंच संपवतो. लोक पोट धरून हसतात, त्याला दुसरा चहा मिळतो. पुढचं तो सांगत नाही.

पुढं त्यानं आणखी एकदा शहाणपणा केला. वाड्यातल्या सगळ्या माणसांचा विमा काढायचा म्हणून कंपनीच्या एजंटाला घेऊन आला. एजंटानं गजराबाईला वगळलं, आधीच आजारी पडून गेलेली म्हणून. प्रयागबाईला वगळलं, कारण तिचं वय झालेलं आणि चालताना धाप लागायची.

"मंग कुणाचा काढतोस?" भिमानं विचारलं.

"निरोगी, तरण्या माणसांचा."

"म्हंजी जी मेंढी मरायची न्हाय तिलाच बिल्ला!"

एजंट हसला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

प्रयागबाईची धाप हृदयाची निघाली. खासगीत ऑपरेशन करायचं तर वाड्यातली सगळी जनावरं विकूनही भागलं नसतं. तरी सगळ्यांत आधी भिमा आपली, कर्ज फिटून मोकळी झालेली मेंढी घेऊन गेला. गेणभाऊनं ती परत हाकलली. "समदं इकून पोरंबाळं काय खातील?" म्हणाला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावला. नंबर यायच्या आधीच प्रयागबाई गेली. भिमाला फार लागलं ते. तिचा तो कमी साखरेचा चहा त्याच्या घशात अडकला तो अडकलाच.

त्यानंतरच्या ग्रामसभेला आरोग्य खात्याचे एक साहेब आले होते. भिमा उभा राहिला.

"सायेब, आमचा रिवाज खोटा न्हवता. वाडा ल्हान पडला. एका अपेंडिक्सपुरता व्हता. तुमी समद्या देसाचा एकच वाडा करा. ज्याचा कळप मोठा त्यानं जास्त सोडावं, ज्याचा ल्हान त्यानं एखादं कोकरू. ज्याच्याकडं कायबी न्हाय त्यानं कायबी सोडू नये. आन दवाखान्याच्या दारात कुणी कुणाला कागूद मागू नये."

"अहो, देश काय मेंढ्यांवर चालतो?" साहेब म्हणाले. सभा खो खो हसली. सवयीनं भिमाही हसायला लागला. मग समोर मांडी घालून बसलेला गेणभाऊ त्याला दिसला आणि त्याचं हसू तिथंच राहिलं.

"न्हाय चालत, सायेब," तो म्हणाला. "पर मेंढ्यांचा इमा तुमी सक्तीनं काढला. मंग माणसांचा का न्हाय?"

साहेबांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं. शेजारच्यांनी भिमाचा सदरा ओढला, तरी तो खाली बसला नाही.