कौसर सिस्टरची शिकवणी

कौसर सिस्टर मूळच्या पिंपळगाव राजाच्या. वडील शिंपी. मुलीने नर्स व्हावं ही आईची, अजीजुन्निसाची, हौस. नांदुऱ्याकडच्या एका रुग्णालयात त्या इन्चार्ज सिस्टर म्हणून आल्या, तेव्हा वॉर्डातली, हृदयाला विजेचा झटका देणारी शॉक मशीन कापडाने झाकलेली होती. रोज तिची धूळ पुसली जाई, पण बटणाला बोट लावायची कोणाची हिंमत नव्हती. एखाद्याचं हृदय बंद पडलं की सगळ्या जणी डॉक्टरांना बोलवायला धावत, आणि रुग्णाजवळ रडणारे नातेवाईक तेवढे उरत.

"पेपरात सगळ्याइले चांगले मार्क," कौसर सिस्टर म्हणायच्या, "अन् हातात अंबू बॅग आली का हात कापतात." अंबू बॅग म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाला हवा द्यायची रबरी पिशवी.

मग त्यांनी शिकवणी सुरू केली. ड्यूटी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर भेटत, तेव्हा सरावाचा रबरी पुतळा फरशीवर निजवायचा. मास्क नीट बसला नाही तर हवा बाजूने निसटते. हे त्या तोंडी सांगत बसत नसत, मास्कच्या कडेशी गाल न्यायला लावत. हवेची झुळूक गालाला लागली की जिची तिला चूक कळे. रागावणं नाही. "पुन्यांदा," एवढंच. आणि शेवटी, "वाचला बरं का पेशंट!" असं त्या म्हणाल्या की सगळ्या हसत चहाला जात.

सगळ्यात तयार हात मनालीचे. ती साखरखेर्ड्याची, नुकतीच नोकरीला लागलेली.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी कौसर सिस्टर मीटिंगसाठी बुलढाण्याला गेल्या होत्या. बीपी तपासायला आलेले भगवानराव बाकावरून एकदम खाली कोसळले. सोबत बायको, वच्छलाबाई. मनालीने हाक मारून पाहिली, नाडी पाहिली आणि गुडघ्यांवर बसून छाती दाबायला सुरुवात केली. "मशीनची ट्रॉली आणा! डॉक्टरांना फोन लावा!" तिचा आवाज जराही डळमळला नाही. डॉक्टर आले, मशीन लावली, शॉक दिला. सगळे आळीपाळीने बराच वेळ झटले. भगवानराव गेले.

दुसऱ्या दिवशी मनाली कौसर सिस्टरांसमोर उभी राहिली. "मॅडम, माझी ड्यूटी लसीकरणात लावा."

"बस आधी. काय काय केलं, पहिल्यापासून सांग."

मनालीने सांगितलं. कौसर सिस्टर एकेक पायरी बोटांवर मोजत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "यात चूक कुठी हाय?"

"मग ते वाचले का नाहीत?"

आपल्या शिकवणीत आजवर एकही पेशंट मेला नव्हता, हे कौसर सिस्टरांच्या तेव्हा लक्षात आलं.

"सगळं बरोबर केलं तरी माणूस जाते, बेटा," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी तुमाले शिकवलंच नाही."

मनालीने मान हलवली, पण पुतळ्याजवळ काही ती फिरकली नाही.

काही दिवसांनी वच्छलाबाई मृत्यूच्या दाखल्यासाठी आल्या. वॉर्डाच्या दारात येऊन विचारू लागल्या, "माह्या मालकाची छाती दाबून राह्यली होती, थे पोरगी कुठी हाय?" तक्रार असणार, असं सगळ्यांना वाटलं. कौसर सिस्टर उठत होत्या, तेवढ्यात मनालीच पुढे आली.

वच्छलाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "माय, एक इचारू? तू दाबत होती तवा कट्कन आवाज आला. बरगडी मोडली ना? त्याइले लई दुखलं असंल का?"

मनालीचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, ती पळून जाईल. पण ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली.

"हो काकू, बरगडी मोडली असेल. जोरात दाबावं लागतं, नाहीतर रक्त मेंदूपर्यंत जात नाही. पण काकांना शुद्ध नव्हती. त्यांना काही जाणवलं नसेल."

"खरं सांगतेस?"

"खरं सांगते."

वच्छलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "थेच मनात घोळून राह्यलं होतं. झोपच नाही." मनालीने पाणी आणून दिलं. बसपर्यंत सोडायलाही ती गेली.

कौसर सिस्टरांनी त्यानंतर शिकवणी बदलली. कधी पुतळा वाचतो, कधी सगळं नीट करूनही वाचत नाही. मग एक सिस्टर नातेवाईक होते आणि दुसरीने तिच्याजवळ बसून काय झालं ते सरळ शब्दांत सांगायचं. हा भाग सगळ्यांना जड जातो. कित्येकींच्या डोळ्यांत पाणी येतं. आता तो मनाली शिकवते, आणि ती शिकवत असताना कौसर सिस्टर मागच्या खुर्चीवर बसून ऐकतात.