तात्यांचं राज्यशास्त्र

पुस्तक पारखायची आमच्या तात्यांची एक रीत होती. पहिलं पान काकीला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ती "मग?" म्हणाली तर पुस्तक पास. "चहा ठेवू का?" म्हणाली तर नापास. काकी शाळेत गेली होती ती फक्त भावाचा डबा पोचवायला.

तात्या माझे धाकटे चुलते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शिराळ्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा सत्त्याहत्तरची निवडणूक तोंडावर आली होती. मला म्हणाले, "इतकी वर्सं माझं मत टपालानं जायचं. कुणाला गेलं ते टपालालाच ठावं. जलमभर हुकूम ऐकला गड्या. आता द्यायचा नंबर आलाय, तर काय देतोय ते कळाय नको? एखादं सोपं पुस्तक आण."

मी सांगलीला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होतो. घरात त्या विषयाचं नाव नीट घेता येणारा मी एकटाच, त्यामुळे विषयही मला येतो असा सगळ्यांचा, मुख्यतः माझा, समज होता. सोपं मागितलं म्हणून सोपं नेणं मला कमीपणाचं वाटलं. ग्रंथालयातलं सर्वांत जाड पुस्तक नेलं.

तात्या चुलीपुढे मांडी घालून वाचू लागले. 'सार्वभौमत्वाची संकल्पना' ओलांडायच्या आत काकी म्हणाली, "आवं, चहा ठेवू का?"

पुढच्या शनिवारी दुसरं नेलं. चहा. तिसऱ्या वेळी तर तिनं आधीच आधण ठेवलं होतं.

"काकी, जरा लक्ष देऊन ऐक की," मी चिडून म्हणालो.

"लक्ष हाय रं. पर त्यात माणूस कवा येतोय त्याची वाट बघतीय."

शेवटी मी स्वतःच लोकशाहीवर चार सोपी पानं लिहिली. वसतिगृहात वाहवा झाली होती. तात्यांनी ती वाचली. काकी पातेल्याकडे वळली. "वाईट वाटून घिऊ नगंस," तात्या म्हणाले, "तुझ्या चहात आलं टाकाय सांगतो."

मतदान आठवड्यावर आलं. "ह्या बारीलाबी टपालासारखंच व्हायचं बघ," तात्या म्हणाले. मी वैतागून धाकट्या बहिणीचं शाळेतलं जुनं नागरिकशास्त्र त्यांच्यापुढे टाकलं. पहिल्याच धड्यात गावच्या विहिरीवरून भांडण होतं. पान उलटायला तात्या क्षणभर थांबले.

"मग?" काकी म्हणाली. "हीर कुणाची ठरली?"

मतदानाला जाताना तात्यांनी तिला हळूच विचारलं, "कुणाला देणार गं?"

"सांगायचं नसतंय. पुस्तकात हाय," ती म्हणाली आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तात्या दिवसभर हे ज्याला त्याला सांगत होते.

तात्या गेले तोवर मी त्याच विषयाचा प्राध्यापक झालो होतो. वर्गात चहाची सोय नसल्यानं पोरं झोपायची. दिवसांना गावी गेलो, काकीपाशी बसलो. तात्या एकदा सांगलीला आले होते, माझी सगळी नापास पुस्तकं ग्रंथालयाला परत द्यायला फौजेतल्या काळ्या ट्रंकेत भरून, एस.टी.च्या टपावरून, ती गोष्ट सांगू लागलो. स्टँडवर ट्रंक उतरवून त्यांनी मला बघितलं आणि सगळ्यांदेखत कडक सलाम ठोकला, इथवर आलो आणि माझा आवाजच फुटेना.

चूल पेटलेली होती. पातेलं हाताशी होतं. काकीनं त्याला हात लावला नाही.

"मग?" ती म्हणाली.