आबासाहेबांच्या हँडलाखालचे गुटके

कुठलंही यंत्र खोलून पुन्हा जोडलं की एखादा नट हातात उरतोच. तो कुठला हे विचारायचं नसतं. यंत्र चालतंय ना, मग खुशाल बाजूला टाकायचा! पडाव नावाच्या वस्तीतल्या आमच्या वर्कशॉपात अशा नटांसाठी एक पत्र्याचा डबा होता. किश्शांना मात्र डबा नव्हता, ते माझ्याच डोक्यात साठत गेले. आता म्हातारपणी जरा मान हलवली की खुळखुळतात. घरचे म्हणतात, सांगून टाका एकदाचे. तर घ्या.

वर्कशॉप करीमबक्ष उस्तादांचं, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. मी त्यांचा फिटर. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडिलांनी मला मंत्र शिकवले, पण मला स्पॅनर जास्त आवडला. उस्ताद मला ‘पंडत’ म्हणायचे आणि गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, “हमारे यहाँ इंजन की मरम्मत भी होती है और शांती भी!”

आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे आबासाहेब. शिंद्यांच्या दरबारच्या एका कचेरीत हुद्देदार. उंची सहा फूट, वर शिंदेशाही पगडी. त्यांची फटफटी मुरारच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची. साहेब विलायतेला परत जाताना ती आबासाहेबांकडे आली. साहेब ठेंगणा, त्यामुळे हँडलही त्याच्याच मापाचं. आबासाहेब बसले की पाठीची कमान व्हायची आणि पगडी घसरून नाकावर यायची. घरी पोचून उतरताना कमरेत अशी कळ निघायची, की “आई गं!” अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

श्रावणात एक दिवस वहिनीसाहेबांनी, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नीने, निकाल दिला. “दसऱ्याला फटफटीच्या पूजेला वाकाल ना, तेव्हा तुमच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, तर ही माझ्या दादाकडे जाईल. तुम्ही टांग्यातून फिरा!”

दादासाहेबांचा त्या फटफटीवर पहिल्यापासून डोळा होता. त्यांनी लगेच आपल्या अंगणात जागा झाडून घेतली म्हणे.

आबासाहेब धावत वर्कशॉपात आले. मी त्यांना इतकं हवालदिल कधी पाहिलं नव्हतं. “उस्ताद, कुछ भी करो, पण हिला जाऊ देऊ नका. हिच्यावर बसलो की मी कुणाचा नोकर नसतो हो!”

उस्तादांनी फटफटीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “साहब, कमर नहीं बदल सकते, हँडल उठा सकते हैं. नीचे गुटके डालेंगे.” गुटके म्हणजे ठोकळे. हँडल आणि चाक धरणारा खालचा फोर्क यांच्या मधे बसवायचे, की हँडल वर आणि पाठ सरळ!

*

आता गुटके किती उंच? उस्तादांनी आबासाहेबांना स्टँडवर लावलेल्या फटफटीवर बसवलं. पगडी घालून, कारण मापात पगडी धरलीच पाहिजे! मग डोळे मिटायला सांगितले. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी झाडूचा दांडा धरला आणि आबासाहेबांचे हात त्यावर ठेवले.

“इथे?”

“जरा वर.”

“आता?”

“अजून थोडं.”

“आता, साहब?”

मी वाकून पाहिलं तर आबासाहेब ताठ बसल्या बसल्या घोरत होते!

मी हळूच म्हणालो, “उस्ताद, उठवू का?”

“ख़बरदार! पहले पट्टी ला. जहाँ नींद आ जाए, वही सही नाप!”

चार इंच भरले.

*

पहिले गुटके उस्तादांनी शिसवीचे केले, घरच्या मोडक्या पलंगाच्या पायाचे. दिसायला राजेशाही. आबासाहेब खूश होऊन निघाले ते थेट इंदरगंजच्या चौकापर्यंत छान गेले. तिथे समोर एक म्हैस आली. आबासाहेबांनी ब्रेक दाबला, हातांवर जोर दिला, आणि शिसवी गुळगुळीत असल्यामुळे हँडल फिरून सरळ त्यांच्या मांडीवर आलं!

फटफटी थांबली, म्हैस निघून गेली. आबासाहेब भर चौकात मांडीवर हँडल घेऊन बसलेले. चौकातला शिपाई घोडदळातून आलेला. त्याने आदबीने सलाम ठोकला आणि विचारलं, “हुज़ूर, उतर रहे हैं या लगाम फिर से बाँध दूँ?”

*

मग लोखंडी गुटके झाले. हे पक्के बसले, हँडल तसूभरही हललं नाही. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. हँडल चार इंच वर गेलं, पण तारा तेवढ्याच राहिल्या! उजवीकडे वळताना काही व्हायचं नाही. डावीकडे वळलं की रेसची तार ताणली जायची आणि फटफटी आपणहून उधळायची.

दुसऱ्या कुणी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली असती. आबासाहेबांनी केली नाही. त्यांना भीती, की तक्रार केली तर उस्ताद गुटके काढतील आणि मग दादासाहेबांचं अंगण! त्यांनी आपला मार्ग काढला. डावीकडे वळायचंच नाही!

पण इंदरगंजच्या चौकात डावीकडे वळल्याशिवाय त्यांचं घर येत नव्हतं. म्हणून ते चौक ओलांडून पुढे जायचे, मग एकदा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि टोपी बाजारातून धक्के खात मागून घराकडे. रोज! टोपी बाजारची गल्ली ती केवढीशी. दुकानदार रोज उठून टोपल्या आत घ्यायचे. आठवड्याने एकाने फटफटी अडवलीच. “साहब, रोज़ मुआयना करते हो, लेते कुछ नहीं. माल में खोट है क्या?”

मुआयना म्हणजे तपासणी. आबासाहेब भिडस्त. शरमेने एक टोपी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजाऱ्याकडून, म्हणजे त्याला वाईट वाटायला नको. तिसऱ्या दिवशी समोरच्याकडून. कपाटात सातवी टोपी गेली तेव्हा वहिनीसाहेबांनी विचारलं, “रोज उशीर कुठे लावता ते नाही विचारत मी. पण एकूण डोकी किती आहेत तुम्हाला?”

त्या संध्याकाळी आबासाहेबांनी आमच्याकडे येऊन सगळं कबूल केलं. उस्तादांनी कपाळाला हात लावला आणि लांब तारा ओवल्या. टोपी बाजार पुढे कितीतरी दिवस आबासाहेबांची चौकशी करत होता.

*

लांब तारा आल्या आणि आबासाहेबांचं रूपच पालटलं. पाठ ताठ, पगडी जागच्या जागी, दोन्ही हात सैल. बघणाऱ्याला वाटावं, सरदार घोड्यावरून चाललेत. ते आमच्यासाठी छानच झालं, पण कचेरीत भलतंच झालं. आबासाहेबांचे वरिष्ठ होते, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. हुद्द्याने मोठे, उंचीने पाच फूट. त्यांच्याकडेही फटफटी होती. दरबारात कोण कुणाच्या पुढे बसतो, कुणाची गादी किती जाड, यावरून लोक वर्षानुवर्षं अबोला धरत. तिथे हाताखालचा माणूस आपल्यापेक्षा उंच हँडल धरतो, हे त्यांनी कसं चालवून घ्यावं?

मोठे साहेब स्वतः पडावला आले. “आबासाहेबांचे गुटके किती?”

“चार इंच, हुज़ूर,” उस्ताद म्हणाले.

“मग आमचे सहा घाला.”

मी चाचरत म्हणालो, “पण साहेब, आपली उंची...”

“आमचा हुद्दा बघा!”

हुद्दा बघून सहा इंच घातले. मोठे साहेब बसले तेव्हा हात कानांच्या वर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची स्वारी कचेरीच्या फाटकातून तशीच आत शिरली. पहारेकऱ्याला वाटलं, साहेबांवर कुणीतरी मागून बंदूक रोखलीय. तो बिचारा साहेबांना सोडवायला त्यांच्या मागे धावत सुटला!

संध्याकाळी मोठे साहेब खांदे चोळत परत आले. आम्हाला वाटलं, आता गुटके काढायला सांगणार. पण नाही! “माझे असू द्या. आबासाहेबांचे काढून टाका. हुकूम आहे!”

आबासाहेब तिथेच उभे होते. चेहरा पांढराफटक. दसरा तीन आठवड्यांवर आला होता, आणि हुकूम मोडला तर नोकरीवर गदा.

उस्तादांनी हात जोडले. “हुज़ूर का हुकुम सर आँखों पर. पर लोग पूछेंगे, आबासाहब का हँडल नीचे क्यों हुआ? क्या जवाब दूँ? हुज़ूर के हाथ वहाँ तक नहीं पहुँचते, इसलिए?”

मोठ्या साहेबांनी चोळता चोळता खांदा सोडला. मग म्हणाले, “चार राहू द्या. आमचेही चार करा. पण रंग आमचा लाल!”

*

नवरात्रातली गोष्ट. वहिनीसाहेबांना टेकडीवरच्या देवीची ओटी भरायची होती आणि ठरवलेला टांगेवाला आलाच नाही. उन्हं चढायला लागली. आबासाहेबांनी भीत भीत फटफटीकडे बोट दाखवलं. पूर्वी ते पुढे वाकून बसले की पार मागे सरकायचे, मागे ओटीचं ताट मावलं नसतं. आता ताठ बसत असल्यामुळे मागे ऐसपैस जागा होती.

वहिनीसाहेब नऊवारी सावरून, मांडीवर ताट घेऊन, एका अंगाने बसल्या. सगळी आळी बाहेर आली. आबासाहेबांनी इतक्या जपून चालवली, की ताटातला नारळ टेकडीपर्यंत हलला नाही. येताना मात्र आळीतल्या बायकांनी वहिनीसाहेबांना पदर उडत असताना हसताना पाहिलं. उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “टांगेवाल्यापेक्षा बरं चालवता.”

आबासाहेबांनी हे वाक्य आम्हाला तीन वेळा येऊन सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि उस्तादांनी उगाचच कार्बोरेटर खोलायला घेतला.

*

आणि दसरा उजाडला. पूजा सांगायला मीच होतो. आबासाहेबांना एकाच माणसात भटजीही मिळाला आणि फिटरही. उस्तादांनाही मानाने बोलावलेलं. अंगणात फटफटी धुऊनपुसून उभी, हँडलाला झेंडूची माळ, शेजारी पाटावर घराण्यातल्या दोन तलवारी. दादासाहेब सकाळीच येऊन बसले होते. येताना फटफटी चालवणारा ड्रायव्हरही बरोबर घेऊन आले होते! त्याने हातमोजे घातलेलेच होते.

आबासाहेबांची कंबर खरं म्हणजे खूपच सुधारली होती. पण ती गाडीवर ताठ बसण्यापुरती. वाकण्याची सवय मात्र पार मोडली होती. मी मंत्र मुद्दाम लांबवत होतो. तरी शेवटी ती वेळ आलीच.

“पुढच्या चाकाला हळदकुंकू वाहा,” मी हळूच म्हणालो.

आबासाहेबांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. आबासाहेब वाकले, वाकले, बोटं टायरपर्यंत पोचली, आणि अंगणभर घुमला तो सगळ्यांच्या ओळखीचा खर्जातला आवाज:

“आई गं!”

दादासाहेबांच्या मिशीखाली हसू फुटलं. ते उठले, उपरणं खुर्चीवर टाकलं आणि ड्रायव्हरला खूण केली.

तेवढ्यात पाटाजवळ उभ्या असलेल्या वहिनीसाहेबांनी आपलं बोट तोंडात घातलं आणि चोखत म्हणाल्या, “मेली ती उदबत्ती! केवढा चटका बसला मला!”

दादासाहेब जागच्या जागी थांबले. “तू ओरडलीस?”

“मग दुसरं कोण?”

“अगं, पण आवाज केवढा जाडा होता!”

“नऊ दिवस आरत्या म्हटल्यात दादा मी. घसा बसलाय.”

दादासाहेबांनी उदबत्तीच्या घराकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या हातात काडेपेटी होती, अजून न उघडलेली.

वहिनीसाहेब माझ्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “अरे पंडत, बघतोस काय? पेटव ना ती उदबत्ती आता!”