साखळी लावलेलं दार

माझी ताई लहानपणापासून संशयी. दूधवाला हसला तरी तिला वाटायचं, आज यानं पाणी जास्त घातलंय. घरात आम्ही तिला फौजदार म्हणायचो, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. अशा बाईवर परदेशात, हॉटेलच्या एका खोलीत, चार वर्षांची छकुली आणि जेमतेम बसायला लागलेलं बाळ घेऊन राहायची वेळ आली.

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. ते आधी एकटेच गेले होते. बाळ जन्मलं तेव्हाही तिकडेच. त्याला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते विमानतळावर. कंपनीचं घर तयार होईपर्यंत सगळ्यांना हॉटेलात राहायचं होतं, आणि हॉटेलचा नियम असा की एका खोलीत दोन मोठी माणसं आणि एकच मूल. दुसरी खोली घेण्याची भावोजींची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी बाळाचा उल्लेखच केला नाही. बिंग फुटलं तर ताईला मुलांना घेऊन परत यावं लागणार आणि बाप पुन्हा फोनच्या पडद्यावर जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खोली एवढीशी की एकानं चालायचं तर दुसऱ्यानं पलंगावर चढायचं. उघडी सूटकेस म्हणजे पाळणा. इस्त्रीच्या टेबलावर दुधाच्या बाटल्या, पडद्याच्या दांडीवर झबली. संध्याकाळी भावोजी बाळाला जॅकेटच्या आत घालायचे, चेन गळ्यापर्यंत ओढायचे आणि पोट सुटलेल्या माणसासारखे मागच्या जिन्यानं त्याला हवा खायला न्यायचे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू करणारा माणूस स्वतः मात्र जिने चढत होता. ताईला यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तिचा डोळा होता सफाईवाल्या बाईवर. उंच, अबोल, मऊ तळाचे बूट घालणारी. ताई तिला मांजर म्हणायची. ही बाई कधी येते ते ऐकू येत नाही, टॉवेल देताना दारातून आत बघते, झबल्यांकडे जरा जास्तच वेळ बघते, असं मला रोज फोनवर ऐकावं लागे. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. त्यावर ताईनं फोन ठेवून दिला.

तिनं बंदोबस्त केला. सफाईची गाडी ढकलत मांजर मजल्यावर आली की ताई बाळाला घेऊन न्हाणीघरात जायची, दार लावून टबाचा नळ सोडायची. पाण्याच्या आवाजात बाळाचा आवाज लपून जायचा. छकुलीला तिनं पढवून ठेवलं होतं, की आई नसली आणि दार बंद झालं की स्टुलावर चढून आतली साखळी लावायची. कुणालाही उघडायचं नाही. आईच्या आवाजात कुणी बोललं तरी नाही, कारण लोक आईचा आवाजही काढतात. हे शेवटचं मी ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. पण फौजदारापुढे कोण बोलणार?

त्या दिवशी बाळ टबात बसलं होतं, नळ चालू होता. बाहेर गाडीची चाकं दाराशीच थांबली आणि पुढे सरकेनात. ताईच्या मनात पाल चुकचुकली. बाई कान लावून उभी आहे, हे तिनं ठरवूनच टाकलं. एका क्षणाचं तर काम, म्हणून बाळाला तसंच ठेवून तिनं खोलीचं दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं. गाडी होती, बाई नव्हती. मागे दार आपोआप मिटलं. किल्लीचं कार्ड आत राहिलं. आणि छकुलीनं, आज्ञाधारक पोरीनं, साखळी लावली.

ताईनं हळूच हाक मारली. मग गोंजारलं, मग दटावलं. आतून एवढंच आलं, "आईनं सांगितलंय, उघडायचं नाही."

नळाचं पाणी पडताना बाहेर ऐकू येत होतं. तीन दारं सोडून बाई एका खोलीत चादर झटकत होती. तिला बोलावलं की बाळ दिसणार, आणि नाही बोलावलं तर पाणी चढणार. माझी ताई तिथे उभी राहिली, विचार करत. किती वेळ, ते ती मला सांगत नाही. मीही विचारत नाही.

शेवटी ती धावली आणि त्या बाईचा हात धरून तिला ओढत घेऊन आली. बाईनं आपलं कार्ड लावलं. दार बोटभर उघडलं आणि साखळीला अडलं. ताईनं त्या फटीला तोंड लावून आक्रोश केला, दाराला धडका दिल्या. छकुली घाबरून पलंगाखाली गेली. बाईनं ताईला खांद्याला धरून बाजूला केलं. दार पुन्हा लावून घेतलं. मग बोटाच्या पेरानं दोनदा सावकाश, एकदा पटकन, असं वाजवलं.

आत स्टूल सरकलं. साखळी निघाली.

बाई सरळ न्हाणीघरात गेली, तिथे कोण आहे हे ठाऊक असल्यासारखी. पाणी बाळाच्या छातीपर्यंत आलं होतं आणि बाळ त्यावर थापा मारत बसलं होतं. तिनं नळ बंद केला, बाळाला टॉवेलात गुंडाळून ताईच्या हातात दिलं आणि गाडी ढकलत पुढच्या खोलीकडे गेली. ताई दिवसभर मॅनेजरच्या फोनची वाट बघत बसली. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. का आला नाही, याबद्दल ताईला अजून संशय आहे.

मला त्याचं काही वाटत नाही. मला राहून राहून आठवतं ते ताईनं सांगितलेलं त्या संध्याकाळचं बोलणं. भावोजी यायचे होते. ताईनं छकुलीला जवळ ओढून विचारलं, मी पाणी सोडून आत असताना तू त्या बाईला रोज दार उघडायचीस ना? छकुलीनं मान डोलावली.

"मग मी एवढी हाका मारत होते, तेव्हा मला का नाही उघडलंस?"

"तूच म्हणालीस, लोक आईचा आवाज काढतात."

"आणि तिला बरं उघडलंस."

"ती कुठे आईचा आवाज काढते?" छकुली म्हणाली.